बोटभर अंतर

या गं, अशा पुढं सरकून बसा. दारात चपलांपाशी कशाला? आत जागा आहे की. बुवांची गाडी अजून फाट्यावर आहे म्हणे, आणि पखवाजाला आत्ता कुठं कणीक लावायला घेतलीय. म्हणजे अर्धा-पाऊण तास आपला. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. देवादिकांची नाही, माझी आहे. रोज कीर्तनात दुसऱ्यांच्या चुका ऐकून आपण डोळे पुसतो, आज माझी ऐका. मध्येच कुणी ‘असू द्या हो बाई’ म्हणू नका, एवढंच मागणं आहे.

“बाई, श्वास सोडा. आत काय साठवून ठिवताय?”

असं मला झुंबर लोंढे म्हणाली. करमाळ्यात आमच्या कन्याशाळेच्या मैदानावर, सकाळी साडेसहाला. मी तिसऱ्या फेरीतच लिंबाच्या बुंध्याला धरून उभी होते. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. अडतिसावं लागलं होतं मला. शाळेत गणित शिकवायचे, घरी आल्यावर वह्या तपासायचे, संध्याकाळी कीर्तनाला जाऊन मांडी घालून बसायचे. पळणं म्हणजे काय ते मी लग्नाच्या आधी विसरले होते.

“मरते गं मी,” मी म्हटलं.

“न्हाई मरत. मरणारं माणूस इतकं बोलत न्हाई,” ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “तोंडानं सोडा. फूऽऽ. चुलीवर फुंकर घालताव ना, तसं.”

त्या हातानं माझ्या ब्लाउजवर पिठाचा पंजा उमटला. झुंबर बाजाराच्या तोंडाशी असलेली पिठाची गिरणी चालवायची. सकाळी सहाच्या आत एक घाणा काढूनच यायची, त्यामुळं भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. नवरा सुरतेला गेला तो परत आला नव्हता. गिरणी दिराची. राबायचं हिनं आणि गल्ल्यावर बसायचं त्यानं. तिची पोरगी, मंदा, माझ्याच वर्गात पाचवीत होती.

आता आम्ही दोघी तिथं कशा, तर आमच्या शाळेत मुलींसाठी कराटेचा तास सुरू व्हायचा होता. तो शिकवायला बाईमाणूस हवं होतं. गावात कराटे शिकवणारे एकच, तांबोळी सर. एसटीत मेकॅनिक होते, तरुणपणी पुण्याला राहून शिकून आलेले. ते म्हणाले, “मोठ्या बायकांचा एक वर्ग मी घेतो. सहा महिन्यांनी परीक्षा घेईन. जी तयार होईल तिचं नाव शाळेला देईन.” मुख्याध्यापिका पाठकबाईंनी शिक्षिकांच्या खोलीत विचारलं, आपल्यातलं कोण जातंय? सगळ्या कपात बघायला लागल्या. मी आदल्या दिवशीच देहाच्या आळसावर कीर्तन ऐकलं होतं. झाला माझा हात वर.

मला काही तो तास नको होता. माझी नोकरी पक्की होती. तो हवा होता झुंबरला. पहिल्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं, “बाई, साळंतला तास मिळाला तर मी खोली घीन. मंदीला घिऊन निघीन तिथनं. दीर काय माणूस न्हाई बगा.” याहून जास्त ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण तिच्या दंडावर एकदा निळं-काळं दिसलं होतं, आणि ते आमच्या वर्गात झालेलं नव्हतं.

“तुझंच नाव जाणार,” मी म्हटलं होतं. “मी आपली वजन उतरवायला येते.”

हे माझे शब्द लक्षात ठेवा.

*

पहिले दोन महिने सरांनी आम्हाला मारायला शिकवलंच नाही. नुसतं पळा, दोरीवरच्या उड्या मारा, गुडघे वाकवून उभ्या राहा. मांड्या थरथरायला लागल्या की म्हणायचे, “आता मनात पन्नासपर्यंत मोजा. मांडी थरथरू दे, नजर थरथरता कामा नये.” मी पन्नास मोजायच्या ऐवजी रामकृष्णहरी म्हणायची. टाळाच्या ठेक्यावर श्वास आत, ठेक्यावर बाहेर. आणि खरं सांगते, त्यानं फार उपयोग झाला. चौथ्या महिन्यात मी मैदानाच्या दहा फेऱ्या मारत होते. शाळेचा जिना चढून जाऊन न थांबता फळ्यावर गणित मांडत होते. पोरी तोंडाकडं बघत राहायच्या.

एकच खोड लागली. मी पुटपुटायची. ओठ सतत हलते.

समोरासमोर उभं राहून खेळायला सुरुवात झाली तेव्हा सरांनी ते धरलं. “देशमाने बाई, तोंड मिटा. दातावर दात ठेवा. बोलता बोलता जबडा हलला तर ओठ आपल्याच दातात सापडेल.”

“सर, नाव घेतेय.”

“घ्या की. देवाला ऐकू कमी येतं का? मनात घ्या.”

सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त झुंबर. “बाईंचा देव मोठ्यानं म्हटल्याबिगर हलत न्हाई सर,” ती म्हणाली. मीही हसले. पण ओठ काही थांबले नाहीत.

खेळाचा नियम सोपा होता. सुरुवातीला समोरासमोर उभं राहून कमरेत वाकून नमस्कार, आणि शेवटालाही तसाच नमस्कार, कोणी जिंको कोणी हरो. ठोसा पोटावर हलका टेकला तर चालेल. चेहऱ्यावर मात्र टेकायचासुद्धा नाही. बोटभर अंतरावर थांबला पाहिजे. तिथं थांबला तर गुण. तीन गुण आधी घेईल ती जिंकली. आणि चेहऱ्याला लागून रक्त आलं, तर मारणारी बाद. सर वारंवार एकच सांगायचे, “मारता येणं मोठं नाही. बैलालाही मारता येतं. हात थांबवता येणं, ती विद्या. जिचा हात थांबत नाही तिच्या हाती मी पोरी द्यायचो नाही.”

माझा हात थांबायचा नाही. घाबरले की डोळे मिटायचे आणि हात सुटायचा. दोनदा झुंबरच्या गालाला लागला. तिनं सरांना कळू दिलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, “बाई, सांच्याला गिरणीवर या. गहू नसंल तरी या.”

गेले. गिरणी चालू होती. त्या आवाजात बोलायचं म्हणजे कानात ओरडायचं. जात्याच्या तोंडातून पिठाची धार पडत होती आणि तिच्या शेजारून मोटारीचा रुंद पट्टा सपसप फिरत होता. झुंबर पट्ट्याकडं न बघता हात घालायची, धारेतलं चिमूटभर पीठ अंगठ्या-बोटात चोळून बघायची, बारीक झालंय का, जास्त गरम तर नाही ना. हात जायचा आणि पट्ट्याच्या अलीकडं, बघा, एवढ्यावर, बोटभर अंतरावर जाऊन थांबायचा. दिवसातून दोनशे वेळा.

“भ्या वाटत नाही?” मी ओरडले.

“वाटतंय की! भ्यालं म्हून तर थांबतो हात. पर डोळं मिटलं तर गेलं मनगट.” तिनं माझा हात धरला, हळूहळू धारेपाशी नेला. पट्ट्याचा वारा माझ्या बोटांना लागला. मी डोळे मिटले. “उघडा,” ती म्हणाली. “भ्या उघड्या डोळ्यानं घ्यायचं बाई.”

त्या संध्याकाळी मी सात-आठ वेळा हात घातला. शेवटी शेवटी डोळे उघडे राहिले. घरी जाताना तिनं कागदाच्या पुडीत मूठभर पीठ बांधून दिलं. “पखवाजाला लावा,” म्हणाली. “तुमच्या बुवास्नी सांगा, झुंबरच्या गिरणीचं हाय.”

“तूच का येत नाहीस कीर्तनाला?”

“आमच्या दिराला चालत न्हाई, बायामाणसानं तास-तास भाईर बसल्यालं.” मग हसली. “तास मिळू द्या, मग येती. तुमच्या शेजारी बसती.”

*

परीक्षा रविवारी होती, आणि त्याच आठवड्यात देवळात सप्ताह बसला होता. शनिवारच्या कीर्तनात अच्युतबुवा शेटफळकरांनी पूर्वरंग संपवता संपवता माझ्याकडं हात केला. “या आपल्या देशमाने बाई. या वयात, पोरीबाळींच्या रक्षणासाठी पहाटे उठून देह झिजवतायत. भक्ती नुसती टाळात नसते माउली, ती अशी मनगटात उतरली पाहिजे!” दोन-अडीचशे माणसं माझ्याकडं बघत होती. आमच्या हरिपाठातल्या गोदाकाकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी पदर ओढून खाली बघत होते. पण आतून किती फुगले होते, ते मलाच ठाऊक.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये बघते तर हरिपाठाच्या सतरा बायका ओळीनं बसलेल्या. पिशव्यांत टाळ. गोदाकाकू सगळ्यांत पुढं. “म्हटलं, आमच्या बाईंना बघावं तरी,” त्या म्हणाल्या. खिडक्यांना माझ्या वर्गातल्या मुली लटकलेल्या. पाठकबाई खुर्चीवर. आणि कोपऱ्यात मंदा, दोन वेण्या घातलेली, आईची पाण्याची बाटली छातीशी धरून.

सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्यासमोर झुंबर आली.

आम्ही वाकलो. तिनं वाकता वाकता हळूच म्हटलं, “डोळं उघडं ठिवा बाई.”

पहिला गुण तिनं घेतला तो मला कळलासुद्धा नाही. पोटाशी मूठ टेकली, सरांनी हात वर केला. खिडकीतून मंदा ज्या मुलींबरोबर शिकायची त्या ओरडल्या, “मंदे, तुझी आई!” दुसऱ्या वेळी मी पुढं झेपावले, दणकन. ती बाजूला झाली आणि मी भिंतीपर्यंत गेले. बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. वळले तर तिची मूठ माझ्या कानशिलापाशी येऊन थांबलेली. दोन गुण.

माझ्या छातीत धाप भरली. सहा महिन्यांचं पळणं, उड्या, पन्नासपर्यंत मोजणं, सगळं कुठं गेलं कोण जाणे. कान गरम झाले. गोदाकाकूंकडं बघितलं, त्या माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. ते मला त्या दोन ठोशांपेक्षा जास्त लागलं.

“चला,” सर म्हणाले.

ती आली. मूठ आली. मी खाली बसले, आणि तोंडावर हात गेला तर बोटांना रक्त.

“थांबा!” सर धावत आले. माझी हनुवटी वर केली. खालच्या ओठातून रक्त वाहत होतं. “लागलं? बाई, मूठ लागली?”

मी मान हलवली. हो.

सर उभे राहिले. झुंबरकडं बघत राहिले. मग म्हणाले, “झुंबर लोंढे, बाद.”

“सर, थांबवला व्हता,” झुंबर म्हणाली. ती आपल्या मुठीकडं बघत होती, जणू ती दुसऱ्या कुणाची असावी. “मला तर वाटलं, थांबला.”

“रक्त दिसतंय ना.”

ती माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. मंदाच्या हातातली बाटली घेऊन मला पाणी पाजायला लागली. बाटली दातांवर आपटत होती. “बाई, लई लागलं का वं? म्या असं कसं केलं. असं कसं झालं माझ्याकडनं.” मी पाणी प्याले. तिच्या हातचं पाणी प्याले मी.

शेवटचा नमस्कार राहिला. सर म्हणाले, “बाईंना उठवत नाहीये, राहू द्या.” मला उठवत होतं.

*

त्या संध्याकाळी ती कीर्तनाला आली. पहिल्यांदाच. दिराला काय सांगून आली कोण जाणे. धुतलेलं लुगडं, डोकं विंचरलेलं, फक्त कानामागं पीठ राहिलेलं. बायकांच्या अगदी मागच्या ओळीत बसली. बुवा क्षमेवर बोलत होते. मी नेहमीसारखी पुढं बसले होते, ओठावर रुमाल धरून. येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारत होती. “गिरणीवालीनं मारलं म्हणे? रेड्यासारखी ताकद मेलीची.” मी नुसती मान हलवत होते. एकदा हलवली की मग मान आपोआप हलते बघा.

आपल्यात रीत काय आहे? कीर्तन संपलं की सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं. लहान-मोठं बघायचं नाही, कोण कुठला विचारायचं नाही. समोरचा वाकला की आपण वाकायचं. मी त्या देवळात वीस वर्षं वाकत आले होते, भिकाऱ्यापुढंसुद्धा वाकले होते.

झुंबर गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. “चुकलं बाई माझं,” म्हणाली. “देवाम्होरं सांगती. चुकलं.”

मी वाकले नाही.

रुमाल तोंडावर दाबून उभी राहिले. ओठ दुखतोय म्हणून वाकवत नाही, असं दाखवलं. गोदाकाकूच मध्ये म्हणाल्या, “असू दे गं, बाईंनी माफ केलंय तुला.” आणि मी पुन्हा मान हलवली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तांबोळी सर शाळेत आले. बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“बाई, एक विचारू? रागावू नका. मी तिचा हात सहा महिने बघतोय. एकदासुद्धा एक सूत पुढं गेला नाही. म्हणून विचारतो. नक्की मूठच लागली?”

बघा, देव किती वेळा दार उघडतो. हॉलमध्ये उघडलं, देवळात उघडलं, आता व्हरांड्यात. सर माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, की मी नाही म्हणावं असं त्यांना वाटत होतं.

“हो सर,” मी म्हटलं. “तिचा काही दोष नाही. घाईत झालं असेल.”

वर तिची बाजूही घेतली मी. मोठेपणा!

“मग नाइलाज आहे,” सर म्हणाले. “पोरींच्या डोळ्याला वगैरे लागलं तर मी कुणाला तोंड दाखवू?” टोपी घालून निघून गेले.

पंधरा दिवसांनी पाठकबाईंनी मला बोलावलं. वर्गातल्या बाकीच्या कुणी तयार नाहीत, बाहेरून दुसरी बाई मिळत नाही, तुमचं थोडंफार झालंय, सध्या तास तुम्हीच घ्या. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. जिनं सहा महिने मला श्वास सोडायला शिकवलं तिचा तास मी घेतला. आणि मंदा माझ्यासमोर ओळीत उभी राहून माझ्याकडून उभं राहायला शिकत होती. घरी तिची आई असताना.

एके दिवशी आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, गिरणीवाल्या काकूंनीच तुमच्या तोंडावर मारलं ना?”

मंदा खाली बघायला लागली. साठ मुली माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“हो,” मी म्हटलं. “म्हणून तर सांगते, हात थांबवायला शिका.”

*

आता मघाशी मी काय गाळलं ते सांगते.

तिची मूठ आली तेव्हा माझे डोळे उघडे होते. आयुष्यात पहिल्यांदा, तिनंच शिकवल्यासारखे, शेवटपर्यंत उघडे. त्यामुळं मी बघितलं. मूठ आली आणि थांबली. बोटभर अलीकडं. पट्ट्याचा लागायचा तसा नुसता वारा लागला ओठांना. मी घाबरून रामकृष्णहरी पुटपुटत होते. सर सांगून सांगून थकले होते, तोंड मिटा. वारा लागल्याबरोबर मी दचकून जबडा आवळला, आणि ओठ सापडला माझ्याच दातात. ते रक्त माझ्या दातांनी काढलं. तेही देवाचं नाव घेता घेता.

सरांनी विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. नाही म्हणायला मान आडवी हलवायची होती, एवढंच काम. मला फक्त तो तिसरा गुण नको होता. सतरा बायकांसमोर, माझ्या पोरींसमोर, एका पीठ दळणाऱ्या बाईकडून मी तीन-शून्यनं हरायला नको होते. अख्खं गाव जिचं कौतुक करतंय ती देशमाने बाई. झुंबरचा तास, तिची खोली, तिची पोरगी, यातलं काही त्या क्षणी माझ्या मनात आलंच नाही. आलं असतं आणि तरी मान हलवली असती, तर निदान मी दुष्ट तरी ठरले असते. मी दुष्टही नव्हते गं. नुसती हलकी होते.

त्या मुलीला मी ‘हो’ म्हटलं, त्या दिवशी मात्र मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारी डब्यात गहू घेतले आणि गिरणीवर गेले. ठरवून गेले. आधी वाकायचं, मग सांगायचं, मग तिला घेऊन सरांकडं जायचं. वाटभर शब्द घोळवत होते.

झुंबरनं मला बघून हसून डबा घेतला. वाळली होती. “आला का बाई. ओठ बरा हाय न्हवं? खूण राह्यली का वं?”

“नाही,” मी म्हटलं. खूण आहे. आतल्या बाजूला. अजून जीभ लागते तिला.

तिनं गहू ओतले. धार सुरू झाली. मी वाट बघत होते, की ती पीठ बघायला हात घालेल, आणि मी म्हणेन, बघ, थांबतोय ना, तेव्हाही असाच थांबला होता. वाक्य तयार होतं माझं.

तिनं भिंतीवरची पत्र्याची पळी काढली. लांब दांड्याची. लांब उभं राहून ती पळी धारेखाली धरली आणि त्यातलं पीठ चिमटीत घेऊन बघितलं.

“हात का नाही घालत?” मी ओरडले. गिरणीच्या आवाजात ओरडावंच लागतं.

“आँ? हात?” तिनं आपला उजवा हात माझ्यासमोर धरला, उलटा-सुलटा करून बघितला. “त्याचा भरवसा न्हाई राह्यला बाई. मला वाटतंय थांबला, आन् त्यो थांबल्याला नसतोय. तुमच्या टायमाला कळलं ते बरं झालं. न्हाईतर एखाद्या दिशी पट्ट्यात गेला असता, मंदीला कोण?”

वर माझेच आभार मानले तिनं.

मला बोलायचं होतं. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. पण आता नुसतं खोटं बोलले एवढंच सांगायचं नव्हतं. मी तिचा हात नेला होता. रोज दोनशे वेळा जो हात तिला सांभाळून माघारी आणायचा, त्याच्यावरचा तिचा विश्वास मी एका मानेच्या झटक्यानं काढून घेतला होता. ते सांगायचं म्हणजे तिच्या डोळ्यात बघावं लागलं असतं. भ्या उघड्या डोळ्यानं घ्यायचं, हे तिनंच शिकवलेलं. मी डोळे मिटले. पीठ डब्यात भरून झालं, तिनं वरून थोपटून झाकण लावलं. मी डबा उचलला आणि घरी आले. त्या पिठाच्या पोळ्या झाल्या. आम्ही खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. मग सहामाहीचे पेपर आले. मग दिवाळी. जानेवारीत मंदा शाळेत येईना. चौकशी केली तर दिरानं दोघींना बाहेर काढलं होतं. कुणी म्हणालं, बहिणीकडं गेली कर्नाटकात, ऊसतोडीला. कुणी म्हणालं, सुरतेला. मी शाळेच्या दाखल्यावरून तिच्या माहेरचा पत्ता काढून पत्र टाकलं. परत आलं. तास मी सोडला, पण त्याचा तिला काय उपयोग? तांबोळी सरांना सांगायला गेले, तोवर त्यांना अर्धांगवायू झाला होता. मी सांगत होते आणि ते छताकडं बघत होते. कळलं की नाही, देव जाणे. सव्वीस वर्षं झाली.

आज तुम्हाला का सांगतेय? मघाशी त्या पखवाजवाल्या दादांनी कणीक मळली ना, तेव्हा पिठाचा वास आला. आणि तुमच्यातली ही नवीन सून माझ्या पाया पडायला वाकली, ‘बाई, तुमचं फार ऐकलंय’ म्हणाली. म्हणून.

तो बघा, टाळ वाजला. बुवा आले वाटतं. उठा, पण एवढं ऐकून उठा. कीर्तन झाल्यावर आज माझ्या पाया पडू नका. आपल्या रांगेच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवा आणि तिथं वाका. माझा एक नमस्कार तिथं राहिलाय. राहिला कसला, दोन राहिलेत. नाव लक्षात ठेवा, झुंबर लोंढे. आता पन्नाशीच्या पुढं असेल. कुठं माहेरी-सासरी, बाजारात, यात्रेत कुणाला भेटलीच, तर माझं काही सांगू नका. तिचा उजवा हात हातात घ्या आणि तिला एवढंच सांगा, की तो थांबला होता.